भोंगा कोणी काढला

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. भावाजवळ नाही, ऑफिसातल्या मैत्रिणींजवळ नाही. आणि ज्यांना आधी सांगायला हवं होतं त्यांना तर... थांबा, तिथवर येते. सरळ त्या जागी जायचं म्हटलं की अजून माझी जीभ जड होते.

आधी बुंदीचं सांगते. बुंदी म्हणजे आमची कुत्री. एवढीशी, तांबूस, मांजराहून जराशी मोठी. बाबांनी अहेरीच्या आठवडी बाजारातून तिला भाजीच्या पिशवीत घालून आणलं होतं. भाजी विसरले, कुत्री आणली. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच होतो, मग तिघं झालो.

बाबा लाइनमन होते. सगळी नोकरी विजेच्या खांबांवर गेली. लाईन बंद आहे की नाही हे स्वतः पाहिल्याशिवाय त्यांनी कधी तारेला हात लावला नाही, दुसऱ्याच्या सांगण्यावर तर कधीच नाही. त्याचा त्यांना अभिमान होता. अलीकडे मात्र ते विसरायला लागले होते. चहा घेतल्यावर पुन्हा चहा मागायचे, शेजाऱ्याचं नाव अडायचं. फार नाही. खरंच फार नाही — हे मुद्दाम सांगते आहे.

बुंदीच्या गर्भपिशवीत पू झाला. आमच्याकडे तसलं ऑपरेशन होत नाही, म्हणून गाडी करून तिला चंद्रपूरला नेलं. परत येताना ती माझ्या मांडीवर गुंगीत पडलेली, पुढे ट्रकांची रांग, रस्ता हा असा खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला मी तिच्या पोटाखाली हात धरायचे. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, तोंड टाक्यांपर्यंत पोचू नये म्हणून गळ्यात अडकवलेला तो प्लास्टिकचा भोंगा काढायचा नाही. खातानाही नाही. टाके चाटले, उघडले, तर पुन्हा वाचेलच असं नाही. मी मान डोलावली होती. म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात असू द्या.

घरी आणल्यावर माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. पोट हलतंय ना? टाक्याशी लाल झालंय का? हिरड्या पांढऱ्या तर नाहीत? स्वयंपाक करता करता मी हात पुसून तिच्याकडे पळायचे. आणि तो भोंगा! पलंगाच्या पायाला ठक्, दाराला ठक्, भांड्याला ठक्. तिला त्यातून खाता येईना. बाबा मात्र शांतपणे जमिनीवर बसायचे, भोंग्यात हात घालून दूधभाताचा एकेक घास तिच्या तोंडाशी न्यायचे. "खाय ना माय. काऊन रुसून राह्यली?" मला तेवढा धीर कुठला?

त्या दिवशी ऑफिसात बैठक होती. बाबा आतल्या खोलीत झोपले होते. बुंदी खाईना. मला वाटलं, ही उपाशीच मरणार. मी भोंगा काढला. फक्त खाण्यापुरता, असं मनाशी म्हणत. आणि ती खायला लागली, हो, भराभरा खायला लागली! तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मी पर्स उचलली आणि निघाले.

दुपारी बैठकीत बसल्याबसल्या आठवलं. भोंगा परत घातलाच नव्हता. घर काही लांब नव्हतं. उठून साहेबांना सांगायचं काय, कुत्रीच्या गळ्यात भोंगा घालायला जाते? सगळे हसले असते. त्या हसण्याला भिऊन मी बसून राहिले. बाबा उठले असतील, त्यांनी पाहिलं असेल, अशी स्वतःची समजूत घालत राहिले. समोर कोण काय बोलत होतं, एक शब्द कळला नाही.

संध्याकाळी दार उघडलं तर चटईवर रक्त होतं. बाबा बुंदीजवळ मांडी घालून बसलेले, धुतलेला टॉवेल दोन्ही हातांनी तिच्या पोटावर दाबून धरलेला. मला पाहूनही त्यांनी दाब सोडला नाही. किती वेळ ते तसे बसले असतील, कुणास ठाऊक. फोन शेजारीच पडला होता. लावता आला नसावा.

आणि मी काय केलं?

"बाबा, तुमी काढला काय भोंगा?"

मीच म्हणाले हे. घाबरले होते म्हणून? पण विचारताना मला पक्कं ठाऊक होतं की तो कोणी काढला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बुंदीकडे. आठवायचा इतका प्रयत्न करणारा माणूस मी पाहिलेला नाही.

"मले आठवत नाई," ते हळूच म्हणाले. "मीच काढला असन."

तेव्हाही सांगता आलं असतं. रिक्षात बसल्यावर सांगता आलं असतं. गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी चिडून विचारलं, कोणी हा शहाणपणा केला, तेव्हा बाबा पुढे झाले. "माह्या हातून झालं साहेब. वय झालं आता." मी बाजूला उभी होते. बुंदीचं डोकं धरून, खाली मान घालून.

बुंदी वाचली. टाके पुन्हा घातले, जखम भरली. आता ती चांगली गुबगुबीत आहे.

बाबा वाचले नाहीत, असं म्हणू? जिवंत आहेत. पण त्या दिवसापासून त्यांचा स्वतःवरचा विश्वास गेला. गॅस बंद आहे का, हे मला विचारायचे. स्वतः पाहूनही विचारायचे. भावाला फोनवर त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. तो मला म्हणाला, आता त्यांना एकट्याला सोडू नको, स्कूटर देऊ नको. मी हो म्हणाले. मागायचीही वेळ आली नाही. त्यांनी आपणहून स्कूटरची किल्ली माझ्यासमोर ठेवली. बाजारात जाणं सुटलं. बुंदी जवळ आली की ते हात मागे घ्यायचे. माझ्याकडून काही होईल, म्हणायचे.

विसरण्याचा आजार वाढणारच होता, असं बाबांचे डॉक्टर म्हणतात. असेल. पण आजार यायच्या आधीच मी त्यांना आजारी ठरवलं.

परवा सकाळी अंगणात ते उन्हाला बसले होते. हल्ली मला ओळखत नाहीत, बाई म्हणतात. मी त्यांच्याजवळ बसले आणि शेवटी बोलले. बाबा, बुंदीचा तो भोंगा मी काढला होता. तुम्ही नाही. मी खोटं बोलले.

ते ऐकत राहिले. मग माझ्या हातावर थोपटलं.

"होते बाई असं, घाबरू नको. माह्या हातूनही झालं होतं एकदा. कुत्री मरता मरता वाचली. पण माही पोरगी खूप चांगली आहे. मले एका शब्दानं बोलली नाई."

मी हो म्हटलं.