हसीनाबीनं गाळलेला शब्द

१९५९ साली माझी बदली येरमाळ्याच्या शाळेत झाली. खोली मिळाली मोटारथांब्यावरच्या महालिंगप्पाच्या हॉटेलामागं, आणि शेजार मिळाला हसीनाबीचा. पहिल्याच गुरुवारी ही तिशीची बाई तोंडाला पिवळा लेप फासून, केसांवर जास्वंदीचा पाला थापून अंगणात बसलेली पाहिली आणि माझं डोकं फिरलं. मी विधवा, पांढरी साडी नेसणारी मास्तरीण. कुणाचा नट्टापट्टा मला बघवत नसे. आता कबूल करायला हरकत नाही, तो हेवा होता.

हौसेला मोल नसतं म्हणतात. हिच्या हौसेला खरंच नव्हतं. मोटारीतले उतारू मोसंबी खाऊन साली टाकत. त्या ती वेचून आणी, पत्र्यावर वाळवी, जात्यावर दळी आणि मसुरीच्या पिठात कालवून तोंडाला लावी. काजळ घरच्याच एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं. बायकांच्या चोळ्या अन् झंपर हातानं शिवून ती पोट भरायची, आणि उरलेले तुकडे जोडून स्वतःचं झंपर करायची. सोलापूरकडची एखादी बाई मोटारीतून उतरली की हिची नजर थेट तिच्या बाहीवर. आठ दिवसांत तशीच फुग्याची बाही हसीनाबीच्या दंडावर दिसे, एक फुगा हिरवा, दुसरा जांभळा. बायका तोंडावर हसत आणि मागून तसंच शिवून मागत.

गुरुवारी दुपारी हॉटेलातल्या रेडिओवर फर्माइशीची गाणी लागायची. बायकांनी हॉटेलात बसायची रीत नव्हती. हसीनाबी नटूनथटून हॉटेलाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसायची आणि गाण्याबरोबर गुणगुणायची. आवाज गोड होता. फक्त मधेच एखाद्या शब्दाला ती गप्प व्हायची आणि मग पुढची ओळ उचलायची. मला वाटायचं, शब्द विसरते.

"कुणासाठी गं एवढं?" एकदा मी खवचटपणे विचारलं.

"ते सांगून गेलेत, बाई. म्हनले, मी येईन तवा नटलेली दिसली पायजेस."

ते म्हणजे तिचा नवरा. गाव त्याला नुसतं मिस्त्री म्हणायचं. हैदराबादेत मोटारी दुरुस्त करायचं काम मिळालं म्हणून तो मी येण्याआधी तीन वर्षं गेला होता. चार महिन्यांत बोलावतो म्हणाला. वर्षभर मनिऑर्डर आली, मग तीही बंद झाली. जुन्या पत्त्यावर टाकलेली पत्रं परत आली. गावानं त्याचं दुसरं लग्नही लावून टाकलं होतं, पण हसीनाबी ते मानायला तयार नव्हती. गाण्यांचा नाद मूळचा त्याचाच. जगबुडी झाली तरी तो गुरुवारची फर्माइश चुकवायचा नाही, असं ती सांगायची.

१९६१ च्या उन्हाळ्यात ती कोरं कार्ड घेऊन माझ्याकडं आली. रेडिओवर गाण्याआधी फर्माइश करणाऱ्यांची नावं वाचतात. तिचं आणि त्याचं नाव एका दमात वाचलं गेलं, तर हैदराबादेत कुठंतरी त्याच्या कानावर पडेल आणि त्याला घर आठवेल. एवढी एकच आशा तिच्याजवळ उरली होती.

"नवऱ्याचं नाव सांग," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे आमच्याकडं हिंदू काय अन् मुसलमान काय, सगळ्या बायकांना पाठ. मी मात्र माझ्या नवऱ्याचं नाव रोज शाळेत सही करताना लिहीत होते. नाव घ्या, नका घेऊ, जाणारा जातोच. त्यामुळं या रिवाजाचा मला राग यायचा.

"मग उखाण्यात घे."

"गान्यात येतं ते, बाई. लई गान्यात येतं. तिथं म्या गप बसते, बघितलं न्हाय?"

गाण्यांशी माझं वाकडं, आणि शाळेला उशीर होत होता. "साजन?" मी विचारलं. ती हसली. "दिलदार?" तिनं लाजून पदर तोंडावर घेतला. मी तोच होकार धरला, दिलदार लिहिलं आणि जाता जाता कार्ड पेटीत टाकलं.

दोन महिन्यांनी एका गुरुवारी रेडिओवरचा माणूस म्हणाला, "येरमाला से हसीना और दिलदार." हॉटेलात हशा पिकला. हा दिलदार कोण उपटला, असं कुणीतरी मोठ्यानं विचारलं. हसीनाबी भिंतीपासून उठली.

"बाई, ह्ये कुनाचं नाव घातलं?"

"तुझ्या नवऱ्याचं."

"त्यांचं न्हाय. म्या तर लाजले, तुमी थट्टा करताय म्हून."

मी महालिंगप्पाकडं जाऊन विचारलं. तो म्हणाला, मिस्त्रीचं नाव महेबूब. महेबूब म्हणजे प्रियकर; दर दोन गाण्यांआड येणारा शब्द. मी पोरींना चुका काढून मारणारी मास्तरीण, आणि मी एका बाईच्या नावाशेजारी परका पुरुष बसवला होता.

पंधरा दिवसांनी हैदराबादच्या शिक्क्याचं पाकीट आलं. आत पत्ता नव्हता, उर्दूत एकच ओळ होती. निजामाच्या राज्यात शिकल्यामुळं मला ती वाचता आली. "दिलदार मुबारक हो. मेरी तरफ से तू आज़ाद."

म्हणजे सोडचिठ्ठीच. मी ती वाचून दाखवली आणि मलाच रडू फुटलं. चूक माझी, असं मी म्हणत राहिले.

"तुमची न्हाय, बाई. तोंड माजं शिवल्यालं हुतं." तिनं पाकिटावरच्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे ऐकलं त्यांनी. गुरुवार अजून चुकवत न्हाईत." आणि तेव्हा तिच्या डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं.

पुसून झाल्यावर ती म्हणाली, "दुसरं कार्ड काढा. तेवढीच वाट हाय."

मी कार्ड काढलं, पण नाव विचारायचं धाडस झालं नाही. तिनं डोळे मिटले, मुठी आवळल्या.

"महेबूब," ती म्हणाली. मी पुन्हा चुकू नये म्हणून तिनं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. "म. हे. बू. ब."

ते कार्ड गेलं. त्यानंतर तीन वर्षं दर महिन्याला एक जात राहिलं. एकही वाचलं गेलं नाही.

१९६४ साली माझी वाशीला बदली झाली. निघायच्या आधीच्या गुरुवारी हसीनाबीनं मला अंगणात बसवलं आणि माझ्या तोंडाला मोसंबीचा लेप लावला. नवरा गेल्यापासून अकरा वर्षांत माझ्या चेहऱ्याला कुणाचा हात लागला नव्हता. मी नको म्हणाले नाही.

लेप वाळेपर्यंत आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. पलीकडं गाणं लागलं आणि तो शब्द आला. हसीनाबी थांबली नाही. तिनं तो रेडिओपेक्षा मोठ्यानं म्हटला आणि पुढची ओळ धरली. आत हॉटेलात कुणी हसलं नाही.