लाल पेन्सिलीची तारीख

रोगांना नंबर असतात हे मला विसाव्या वर्षी कळलं. जळगावजवळच्या असोद्याला आमच्याकडे रोगांना धड नावंसुद्धा नव्हती. ‘पोटात दुखतं’ आणि ‘अंगात कसर आहे’ एवढ्यावर भागायचं. मग धुळ्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला जागा निघाली आणि वडिलांनी मला मावशीकडे आणून सोडलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नोकरीच्या आशेनं आले होते खरी, पण ती खोली बघून पहिल्या दिवशी मला रडूच आलं. छतापर्यंत केसपेपरांचे गठ्ठे, त्यांवर धूळ, आणि टेबलावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक.

पेशंट घरी गेला किंवा वारला, की त्याचा केसपेपर आमच्याकडे यायचा. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं, पुस्तकात त्याचा नंबर शोधायचा आणि पेपरच्या कोपऱ्यात लिहायचा. पोटातला अल्सर पाचशे एकतीस. पोटाचा कॅन्सर एकशे एक्कावन्न. दिवसभर हेच.

शिकवायला होते शिंदखेड्याकडचे एक जुने रेकॉर्डकीपर. सगळे त्यांना आबा म्हणायचे. “बठ्ठं पुस्तकमा शे, डोकावर भरोसा ठेवू नको,” असं ते त्यांच्या अहिराणीत आम्हाला सांगायचे आणि स्वतः पुस्तक न उघडता नंबर बोलून मोकळे व्हायचे. त्यांचा एक नियम होता. चूक रबरानं खोडायची नाही. लाल पेन्सिलीनं एक रेघ मारायची, वर बरोबर नंबर लिहायचा, खाली सही आणि तारीख. एखादा नंबर सापडला नाही की आम्ही शिकाऊ पोरी तो पेपर ड्रॉवरमध्ये दडपून ठेवायचो. आबा सकाळी आमच्याआधी येऊन ड्रॉवर बघून ठेवायचे, ओरडायचे मात्र नाहीत. संध्याकाळी टेबलापाशी येऊन फक्त विचारायचे, “आज काही अडनं का व पोरी?” अडलं असेल तर शेजारी स्टूल ओढून बसायचे.

त्या हिवाळ्यात आबांचा डबा तसाच परत जायला लागला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी म्हणजे त्यांचा जीव की प्राण, तीही ते शिपायाला देऊन टाकायचे. शेवटी आमच्याच दवाखान्यात त्यांना ऑपरेशनला घेतलं. पोट उघडलं आणि अर्ध्या तासात पुन्हा शिवलं. कॅन्सर पसरला होता, काढण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

ते घरी गेले त्या दिवशी त्यांचा मुलगा जिन्यात मला गाठायला थांबला होता. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस, पण हात जोडून उभा. “ताई, आबास्ले काही सांगू नका. अल्सर शे, इतलंच सांगेल शे त्यास्ले.” वॉर्डातल्या सिस्टरनं तर आबांचा पेपर फाइलींच्या गाडीवर न टाकता माझ्या हातात आणून दिला.

माझी अक्कल तेव्हा चरायला गेली होती. मी त्या पेपरवर पाचशे एकतीस लिहिलं आणि तो माझ्या ड्रॉवरमध्ये तळाशी, वह्यांखाली सरकवला. आपण फार मोठं पुण्यकर्म केलं असं वाटून त्या रात्री मला छान झोप लागली.

टाके सुकल्यावर एका सोमवारी आबा कामावर आले. मी घरून त्यांच्यासाठी केळी आणली होती. शर्ट अंगावर लोंबत होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच सांगत होते, “अल्सर शे. डॉक्टरनी तिखट बंद कये.” आम्ही सगळे माना डोलवत होतो, कोणी पथ्य सांगत होतं, कोणी जळगावच्या वैद्याचा पत्ता. संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी आले आणि नेहमीसारखं विचारलं, “आज काही अडनं का व पोरी?”

मी म्हटलं, “नाही आबा, सगळं झालं.”

मी उगाचच पुस्तकाची पानं उलटत बसले. मग ते गेले.

दोन महिन्यांनी आबा त्याच वॉर्डात वारले. नव्या पेपरला जुना जोडायचा होता, म्हणून मी वह्या बाजूला करून तो बाहेर काढला. म्हटलं, आता तरी खरा नंबर लिहावा.

तो लिहिलेला होता. माझ्या पाचशे एकतीसवर लाल रेघ, वर त्यांच्या तिरप्या अक्षरात एकशे एक्कावन्न. खाली सही.

सगळं माहीत असताना त्या माणसानं अल्सरचं सोंग वठवलं होतं, आमच्यासाठी. आम्हाला वाटत होतं, आम्ही त्यांना जपतोय. मरणाबद्दल एक शब्द बोलायला आम्ही त्यांना कोणी ठेवलं नव्हतं. मला स्वतःची शिसारी आली, अजूनही येते.

सहीखाली तारीख होती, त्या केळी आणलेल्या सोमवारची. म्हणजे सकाळीच त्यांनी माझा ड्रॉवर बघितला होता, आणि संध्याकाळी स्टूल ओढून बसायला ते माझ्यापाशी आले होते.