पिंडाला तोंड लावलेली कुत्री

बायकोच्या दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला आन आमी लांब जाऊन बसलो. कावळा काही येईना. तासभर झाला. भाऊबंद कुजबुजून राहिले, हिची काय इच्छा राहिली आसंल म्हणून. मधूनच माझ्याकडं बघायचे. जसं काही मीच तिला उपाशी धाडली.

तेवढ्यात आमच्या दारची कुत्री आली आन दहीभात खाऊन मोकळी झाली. बायको तिला रोज सकाळी चतकोर भाकर टाकायची. दहा दिवस घरात कोणालाच त्याची आठवण न्हाई.

पहिला तांब्या मीच फेकून मारला. खोटं कशाला लिहू. मागच्या पायावर बसला. मग बाकीचे काठ्या, दगडं घेऊन तुटून पडले.

महिनाभर ती गोठ्यामागं तुराट्यांच्या ढिगात पडून होती. भाकर टाकली की लांबूनच हुंगायची आन मागं सरकायची. सून म्हणाली, "मामा, तिला बराबर ठाऊक हाय कोणी मारलं ते."

सेनगावच्या ढोराच्या डॉक्टरला बोलावून लांबूनच दाखवलं. तो म्हणाला, "पाय बरा झाला, बाबा. आता नुसती भीती हाय. तिच्याकडं बघू नका, बोलवू नका. जवळ पाठ करून बसत जा." मला काही पटलं न्हाई. औषध द्यायचं सोडून बसायला सांगतो, हा कसला डॉक्टर? तरी बसलो.

शेजारी म्हणाला, "काहून पोसून राहिला तिला? वहिनीचा जीव आडकला आसंल तिच्यात."

म्हटलं, "आडकला आसता तर तुझ्या काठीनंच निघाला आसता. लई जोरात हाणली होती तू."

बोललो खरं, पण शंका मलाही होतीच. ती अशी टक लावायची की मीच तोंड फिरवायचो.

एक दिवस तिच्याजवळच पाठ करून जेवायला बसलो, पण मला जेवण गेलं न्हाई. अर्धी भाकर तिथंच सोडून उठलो. कुत्रीनं ती उष्टी खाल्ली, तिच्यासाठी टाकलेली आख्खी तशीच. म्हणजे मी टाकलेल्या भाकरीत विष आसंल असं वाटत होतं तिला! तवापासून आधी मी घास खातो, मग तिच्यापुढं ठेवतो. सून म्हणते, "आमी जेवा जेवा म्हणून थकलो, आन कुत्रीसाठी जेवून राहिले तुमी."

परवा तिनं हातातून तुकडा घेतला. मी खुशीत डोक्यावरून फिरवायला हात उचलला, तर ती जागीच मुतली आन तुकडा टाकून पळाली. दोन दिवस फिरकली न्हाई.

आज आली. मी घास खाऊन भाकर पुढं ठेवली आन दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. तिनं आधी माझी मांडी हुंगली, हात खरंच तिथं हायेत का ते पाहायला. मग खाल्लं. खाऊन होईस्तोवर एक डोळा माझ्यावरच होता. हाताला मुंग्या आल्या, पण मी हललो न्हाई.