नातीच्या सामन्याआधी

सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि आमच्या घरात टीव्हीसमोर पंधरा माणसं दाटीवाटीनं बसली होती. माझी नात मनीषा परदेशात भारताकडून रग्बी खेळते. आज हरलं की स्पर्धेबाहेर. मागच्या सामन्यात मी तांदूळ निवडत असताना आपण जिंकलो, म्हणून शेजारच्या सुमननं निवडलेलेच तांदूळ पुन्हा सुपात ओतून माझ्यापुढे ठेवले.

"आजी, हात थांबवायचा नाही हं!"

"अगं, पण निवडू काय? खडा तरी हवा एखादा."

"आणू का बाहेरून दोन?"

सगळे हसले, पण तोंडं सुकलेलीच होती. माणसं हरण्याला एवढी का भितात, मला कळत नाही. हरल्यानं हाड मोडत नाही.

तेवढ्यात मनीषा दिसली. उजव्या खांद्याला पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. मागच्या वेळी ती त्याच खांद्यावर आपटली होती आणि बराच वेळ उठली नव्हती.

"आज जिंकलो की रविवारी फायनल!" सुमन म्हणाली.

म्हणजे रविवारी पुन्हा तोच खांदा. जिंकू दे, असं देवाला म्हणवेना. हरू दे म्हणायला जीभ उचलेना. तोवर शिट्टी वाजली.