खोक्यात भरलेला कापूस

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मला आईकडून कळलं, की नाना माझं वाजवणं ऐकतच नाहीत.

नाना म्हणजे माझे वडील. तळोद्यात त्यांचं गादीचं दुकान होतं. उभा जन्म ते कापूस पिंजायच्या यंत्राशेजारी उभे राहिले आणि दोन्ही कान त्या यंत्राला देऊन बसले. पुढे लोक फोमच्या गाद्या घ्यायला लागले, दुकान बंद झालं, आणि नानांनी कापसाचं नावच टाकलं. मी मागे लागून लागून त्यांना कानाचं मशीन घ्यायला लावलं. त्यात माझा स्वार्थ होता, खोटं कशाला बोलू. मी शाळेत शिकवते आणि संध्याकाळी इलेक्ट्रिक गिटार वाजवते. डी.एड.ला असताना होस्टेलवरच्या नवापूरच्या मैत्रिणीने शिकवली. घरात इतकी वर्षं वाजवतेय, पण नानांना त्यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. एकदा तरी त्यांनी ती ऐकावी, एवढीच माझी हौस होती.

मशीन आलं. मी वाजवायला बसले की नाना समोरच्या खुर्चीत येऊन बसायचे, मान डोलवायचे आणि संपलं की म्हणायचे, "छान." रोज तेच. मी आपली हवेत.

आणि एक दिवस आई मेथी निवडता निवडता म्हणाली, "तू वाजाडाले बसनी का तुन्हा बाप मशीन काढी खिशामा ठेवस. मी रोज देखस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज मान डोलवून फसवलं मला? तरातरा ओट्यावर नानांकडे गेले आणि विचारलं. नाना इतके ओशाळले, की मलाच विचारल्याची लाज वाटली.

"तू नही, बेटा," ते म्हणाले. "ते खोकं. ते वाजनं का कानमा घण मारस."

खोक्याचं त्यांचं खोटं नव्हतं. गिटारसाठी सुताराकडून मी प्लायचं चारी बाजूंनी बंद खोकं करून घेतलं होतं आणि अक्कलकुव्याच्या एका लग्नातल्या बँडने काढून टाकलेला मोठा स्पीकर त्यात बसवला होता. आत नुसती पोकळी. स्पीकरचा मागचा आवाज उघड्या प्लायवर आपटायचा आणि परत फिरून पुढे यायचा. जाड तार छेडली की माठात तोंड घालून कुणी बोलतंय असं वाटायचं. मला त्याची सवय झाली होती. नानांच्या मशीनमधून मात्र तो घुमारा दुप्पट होऊन शिरत होता.

मोबाइलवर शोधलं तर उपाय सापडला. खोक्याच्या आत मऊ काहीतरी भरायचं, म्हणजे आवाज आतल्या आत जिरतो. स्पीकर बनवणारे त्यासाठी काचेच्या धाग्यांची लोकर वापरतात. ती आमच्याकडे फ्रिज दुरुस्त करणाऱ्याजवळ होती, पण तोच म्हणाला, "मॅडम, हात लावू नका, आठवडाभर खाजवत बसाल."

म्हटलं, गादीवाल्याच्या घरात जन्मले, मला लोकर कशाला हवी? कापूस भरते. पण नानांना विचारायचं नाही. एक तर त्यांना चकित करायचं होतं, आणि दुसरं म्हणजे माझा राग अजून उतरला नव्हता. म्हसावदला मावशीच्या शेतात वेचणी चालू होती. तिथून दोन पिशव्या पांढराशुभ्र कापूस आणला, खोक्याची पाठ उघडली आणि कोंबला.

घुमारा निम्म्यावर आला. मी खूश. पण जाड तारेवर आतून खर्र खर्र असं काहीतरी वाजायला लागलं. वाटलं, स्पीकर फाटला. चौथ्या दिवशी आई केर काढत होती तर वायरच्या भोकातून एक उंदीर बाहेर आला आणि तिच्या पायावरून गेला. आई केरसुणी घेऊन थेट खाटेवर.

नानांनी पेचकस आणला आणि खोकं उघडलं. आत उंदराने संसार थाटला होता. कुरतडलेली टरफलं स्पीकरच्या कागदावर पडली होती. नानांनी त्यातला एक दाणा तळहातावर घेतला, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"गादीवालानी पोर तू," ते हळूच म्हणाले, "आनि सरकीसंगे कापूस भरी दिना?"

शेतातून आणलेल्या कापसात सरकी असते, ती काढल्यावर त्याची रुई होते, हे मी चौथीच्या पोरांना शिकवते. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. नाना मात्र हसायला लागले. खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दुकान बंद झाल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मग ते स्वतःच माळ्यावर चढले. दुकानातली उरलेली रुई एका पोत्यात होती, ती काढली, आणि तिच्यामागून आजोबांचं पिंजण काढलं. पिंजण म्हणजे मोठं लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची तांत ताणून बांधलेली. तांत रुईत धरायची आणि लाकडी ठोकळ्याने छेडायची, की रुई सुटी होऊन उडते. नानांनी ओट्यावर बैठक मारली, तोंडाला रुमाल बांधला आणि पहिला ठोका दिला. तांत झणझणली. नाना थांबले. कानाला हात लावून मशीन जागेवर आहे ना ते बघितलं आणि पुन्हा एक ठोका दिला, या वेळी नुसताच, रुईशिवाय.

"बराच वर्षमा ऐकी," ते म्हणाले.

मी आत निघून गेले. माझा राग तिथेच संपला.

दुपारपर्यंत त्यांनी खोक्याच्या आतल्या मापाच्या लहान लहान गाद्या शिवल्या. वरून मच्छरदाणीचं कापड, मधे मधे टाके, म्हणजे कापूस सुटून स्पीकरवर पडायला नको. चारी भिंती, वर, खाली, सगळीकडे बसवल्या. मी तार छेडली. घुमारा गेला, पण सोबत आवाजही गेला. उशीत तोंड खुपसून बोलावं तसं.

"नाना, याचा तर जीवच गेला."

"लगीननी गादी व्हई गयी," ते म्हणाले. मुलीच्या लग्नाची गादी नाना नेहमी ठासून भरायचे. हाताला तीच सवय.

त्यांनी टाके उसवले आणि मूठभर रुई काढली. मी तार छेडली. आणखी एक मूठ काढली. एका बाजूची गादी काढूनच टाकली. दर वेळी मी जाड तार छेडायची, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि बोटांनी कापूस मोकळा करायचा. शेवटी मागची गादी तेवढी भरलेली ठेवली, वरची आणि उरलेल्या बाजूची अगदी हलकी. खालची आणि समोरची काढली. चिमूटभर रुई बोटांत राहिली, ती टाकायची की ठेवायची यावर बराच विचार केला आणि ठेवली.

"आते वाजाड," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

कानबाईच्या सणाला आई जे गाणं म्हणते त्याची चाल मी वाजवायला घेतली. माझं बोटांकडे लक्षच नव्हतं. सगळं लक्ष नानांच्या हाताकडे. मधेच त्यांचा हात वर गेला, कानाजवळ गेला. त्यांनी कानावर चिकटलेला कापसाचा पुंजका झटकला आणि हात परत मांडीवर ठेवला. शेवटपर्यंत तो तिथेच होता.

संपलं. मी त्यांच्या "छान"ची वाट बघत बसले.

"तिसरी ओळमा चुकनी तू," नाना म्हणाले.

"काहीतरीच," मी म्हटलं. "नाही चुकले."

"चुकनी ती," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

मला रडू फुटलं. नाना घाबरले. चूक काढली म्हणून पोर रडते असं त्यांना वाटलं, आणि ते घाईघाईने "छान शे, छान शे" म्हणायला लागले. मी म्हटलं, नाना, ते "छान" आता बंद करा, कुठे चुकले ते सांगा. त्यांनी खुर्ची खोक्याच्या जवळ ओढली. मी डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लागले. तिसऱ्या ओळीला त्यांनी बोट वर केलं.

"आठेच चुकनी तू," ते म्हणाले.