टँकरवरचा पाव्हणा
डिझेलचा वास आला की मला बहात्तरच्या दुष्काळातली पाथर्डीकडची एक ओसरी आठवते. नौदलातून सुट्टीवर आलेला मी तिथे मुलगी बघायला गेलो होतो. "पोरगा टँकरवर हाय," असं मामाने आधीच सांगून ठेवल्यामुळे, गावाला पाणी आणणारा जावई मिळतोय म्हणून मुलीचा बाप हरखला होता. मी ऐटीत खुलासा केला, "आमचा टँकर म्हणजे जहाज. भर समुद्रात लढाऊ जहाजांना डिझेल देतो, गोडं पाणीसुद्धा पाजतो." "मंग आमच्या गावाला कवा?" त्याने विचारलं आणि मी मूर्खासारखा हसलो. तेवढ्यात मुलगी गढूळ पाण्याचा तांब्या घेऊन आली. बाप शांतपणे म्हणाला, "आत ने गं तो. पाव्हण्यांकडं समुद्र हाय." भर उन्हात स्टँडपर्यंत तसाच चालत आलो. अजूनही टँकर दिसला की आधी घशाला कोरड पडते. ती मुलगी नंतर आठवते.