मोंढ्यातून थामोऱ्यापर्यंत

कळंबच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, शिवलिंगप्पांची आडत कुठं म्हणून विचारलं, तर लोक आता उलट विचारतात, "त्या स्पॅनिशवाल्या मल्लेशची का?" शिवलिंगप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे आणि गादीवर त्यांचा मुलगा मल्लेश बसतो. वय एक्केचाळीस, अंगानं शिडशिडीत, गळ्यात इष्टलिंग, एका कानात इअरफोन. सोयाबीनचा दाणा दाताखाली धरला की ओल किती ते सांगणारा माणूस. कॉलेज सुटल्यापासून, डोंगरात भटकायला गेला तरी सलग दहा रात्रींच्या वर हा कधी घराबाहेर राहिलेला नाही.

हे स्पेनचं वेड त्याला लागलं ते एका फोटोमुळं. मल्लेश, महारुद्र, उत्कर्ष आणि कृष्णराज हे चौघं लातूरला कॉलेजात असताना एका खोलीत राहायचे. पुढं महारुद्र तेरला जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी झाला, उत्कर्षनं कळंबलाच औषधाचं दुकान टाकलं आणि कृष्णराज पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला. पण वर्षातून एकदा चौघांनी पाठीवर सॅक टाकून निघायचं, हे काही मोडलं नाही. आधी रामलिंग, नळदुर्ग केलं, मग हरिश्चंद्रगड, मग हिमाचल. एका वर्षी कृष्णराजनं ऑफिसातल्या कुणाचे तरी स्पेनमधले फोटो दाखवले. गव्हाच्या शिवारातून गेलेली पांढरी वाट, वाटेवर सॅक घेतलेली चार माणसं, लांब टेकाडावर चर्चचा मनोरा. बाकीचे दोघं पुढचा फोटो दाखव म्हणायला लागले. मल्लेशनं मात्र मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. तो म्हणाला, झाड न्हाय, डोंगर न्हाय, हे तर आपलंच शिवार दिसायलंय; एवढ्या लांब जाऊन माणसं आपल्यासारख्या रानातून चालतात तरी कशाला, ते बघायला पाहिजे.

मग ठरलं. ठरलं म्हणजे सात वर्षं ठरतच राहिलं. कुणाचं बाळंतपण, कुणाची बदली, मधे ती महामारी. या सात वर्षांत तिघांनी फार तर बूट घेतले. मल्लेश भाषा शिकला.

भाषेचा कान त्याला आईकडून आला असावा. त्याची आई शरणम्मा मुरूमकडची. ती त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायची आणि तो मराठीत उत्तर द्यायचा. हमालांबरोबर तो दखनी बोलायचा. तशीच ही चौथी, असं म्हणून त्यानं मोबाइलवर धडे सुरू केले. दोन सौद्यांच्या मधे, काट्यावर पोती चढत असताना, तोंडातल्या तोंडात घोकणं चालायचं. स्पॅनिशमध्ये रामराम म्हणजे 'ओला', हे हमालांना कळलं तेव्हा मोंढ्यात मोठी मजा झाली. सकाळी मल्लेश त्यांना 'ओला' म्हणायचा आणि ते गंभीर तोंड करून म्हणायचे, न्हाय शेट, माल कोरडा हाय. पहाटे तो सॅकमध्ये दहा किलो तूर भरून येरमाळा रस्त्यानं चालून यायचा. कुठल्या गावाहून कुठलं गाव किती किलोमीटर, पाणी कुठं मिळतं, त्या जुन्या यात्रेच्या वाटेवर धर्मशाळेसारख्या स्वस्त मुक्कामाच्या जागा कुठं आहेत, सगळं त्यानं एका वहीत उतरवलं होतं. सालामांका शहरातून निघायचं आणि उत्तरेला थामोऱ्याच्या बाजूनं पुढं जायचं. नकाशावर वाचताना आपण झामोरा वाचतो, पण तिकडची माणसं 'थामोरा' म्हणतात, हेही त्याला ठाऊक होतं.

मागल्या वर्षी अखेर योग आला. महारुद्रच्या शाळेला सुट्टी उन्हाळ्यातच, म्हणून मे महिना धरला. चौघांनी पुण्यातल्या एजंटामार्फत व्हिसाचे कागद एकत्र दिले. तिघांचे मंजूर झाले. मल्लेशचा पासपोर्ट एका छापील कागदासह परत आला. मुदत संपण्याआधी अर्जदार आपल्या देशात परत जाईल याची खात्री वाटत नाही, असं त्यात म्हटलं होतं. आडत अजून वडिलांच्या नावावर होती, कागद कमी पडले होते, एवढंच त्यातलं खरं.

त्याच्या बायकोला, महेश्वरीला, ते वाचून आधी हसूच आलं. जो माणूस बहिणीच्या घरी मुक्कामाला राहत नाही, तो म्हणे स्पेनमध्ये राहून जाईल. मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि कागद घडी घालून कपाटात ठेवला.

मित्र म्हणाले, रद्द करू, चौघं जाऊ तेव्हाच जाऊ. महारुद्र तर हट्टालाच पेटला. पण मल्लेश बधला नाही. "माझ्यापायी कुणी थांबायचं न्हाय," तो म्हणाला. "आता थांबलो तर आपण साठीला जाऊ." महारुद्रच्या सॅकचा पट्टा उसवला होता, मल्लेशनं त्याला आपली सॅक दिली. वही कृष्णराजकडं दिली. निघायच्या दिवशी येरमाळा फाट्यापर्यंत त्यांच्या गाडीतून गेला, तिथं उतरला, आणि कळंबला परत यायला एसटीची वाट बघत उभा राहिला.

पुढचे दिवस त्याचं शरीर मोंढ्यात होतं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. इथं दहाला सौदे सुरू झाले की तिथं साडेसहा. आता ते निघाले असतील. इथं जेवणाची वेळ झाली की तिथं ऊन चढायला लागलं असेल. संध्याकाळी फोटो यायचे. गहू नुकता पिवळा पडत होता, बांधाला तांबडी फुलं होती, दगडी पुलावर तिघं बसले होते. फोटोत आपली सॅक दिसली की तो तो फोटो मोठा करून बघायचा. महेश्वरीला एकदा म्हणाला, वाट खरंच पांढरी हाय गं. ती म्हणाली, व्हय, आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला उत्कर्षचा फोन आला. थामोऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात होते. महारुद्रला आदल्या रात्रीपासून उलट्या होत होत्या, तरी त्यानं सकाळी नेमानं साखरेच्या आजाराची गोळी घेतली होती आणि पोटात काही ठरत नव्हतं. अंगातली साखर एकदम उतरली, वाटेतच तो बसला, मग आडवा झाला. दोघांनी धरून त्याला पहिल्या घराच्या ओसरीत आणलं. घरात एक म्हातारी एकटीच. तिनं घरातल्या फोनवरून डॉक्टरला लावलं होतं आणि डॉक्टर काहीतरी विचारत होता.

"मल्ल्या, ती बाई काय बोलायलीय कळना गेलंय," उत्कर्ष म्हणाला. "मोबाइलमधलं भाषांतर तिच्या बोलण्याला पुरं पडंना. म्या साखर चारलो, ती बी बाहेर पडली. तू बोल."

मल्लेश गादीवरून उठला. समोर हरभऱ्याच्या पोत्यांचा काटा चालू होता. त्यानं हातानंच थांबवला. सात वर्षांत तो भिंतीशी, मोबाइलशी, हमालांशी स्पॅनिश बोलला होता, पण ज्याची ती भाषा आहे अशा एकाही माणसाशी नाही. तिकडून म्हातारीचा आवाज आला, भरभर, चढा. पहिली दोन वाक्यं त्याच्या डोक्यावरून गेली. त्यानं तिला हळू बोलायची विनंती केली. ती एकदम थांबली. मग, लहान पोराला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून बोलली. तिचं नाव होसेफा. तिनं आपल्या फोनचा कानाकडचा भाग मोबाइलला लावला आणि आता डॉक्टर थेट मल्लेशशी बोलू लागला.

मधुमेहाला तिकडंही जवळपास डायबेटिसच म्हणतात, पण त्या घाईत ते त्याला आठवेना. पण साखर ठाऊक होती, बिनसाखरेची कॉफी मागायची म्हणून शिकलेली. रक्त ठाऊक होतं. त्यानं सांगितलं, माझ्या मित्राच्या रक्तात साखर फार असते, त्यानं साखरेची गोळी घेतली आहे, पण खाल्लेलं सगळं बाहेर पडलं आहे. गोळी कुठली? त्यानं मराठीत उत्कर्षला विचारलं आणि नाव एकेक अक्षर करून सांगितलं. शुद्धीवर आहे का? घाम येतो का? डॉक्टरनं विचारलेलं नीट कळत नव्हतं, अर्धं निसटत होतं, आणि तो घाबरून पुन्हा पुन्हा तेच विचारत होता. डॉक्टर चिडला नाही. गाडी पाठवतो, तोवर कुशीवर झोपवा, हिरडीला मध लावा, प्यायला घोटभरही काही देऊ नका, असं त्यानं सांगितलं. मल्लेशनं ते मराठीत उत्कर्षला सांगितलं, आणि कुणी न विचारता पुन्हा स्पॅनिशमध्ये होसेफालाही.

वीस मिनिटांनी गाडी आली. तोवर तो फोन कानाला लावून पोत्यांच्या मधे उभा होता. मोंढ्यातली माणसं गोळा झाली होती. गाडीचं दार बंद झाल्याचा आवाज आला, तेव्हा त्यानं काटा पुन्हा सुरू करायची खूण केली.

महारुद्र सलाईनवर रात्रभर राहिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चालत बाहेर आला. होसेफानं त्या तिघांना दोन दिवस हलू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं उत्कर्षच्या हातातून मोबाइल घेतला आणि खुणेनं सांगितलं, तो बोलणारा लावून द्या. मल्लेशनं फोन घेतला. तू कुठून बोलतोस, असं ती विचारत होती. त्यानं सांगितलं, धान्याच्या बाजारातून. तिची अडीच एकर जमीन होती, त्यात गार्बान्थो म्हणजे हरभरा होता. आपल्याकडचा हरभरा माघ-फाल्गुनात निघतो, तिचा अजून फुलावर होता. घाटे पोखरणारी अळी तिच्याकडंही होती. अळीला त्यांच्यात काय म्हणतात ते मल्लेश त्या दिवशी शिकला. मग तिनं विचारलं, "तुझे मित्र आले. तू का आला नाहीस?"

व्हिसा, अर्ज, खात्री, यातला एकही शब्द त्याला वेळेवर सुचला नाही. तो म्हणाला, "मला येऊ दिलं नाही."

"पुएस, वेन," ती म्हणाली. बरं मग, ये.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिघं परत आले, आणि एका रविवारी मल्लेशच्या घरी जमले. महारुद्रनं आल्या आल्या त्याला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. त्याची बायको दीपमाला हिनं मल्लेशच्या हातावर राखी बांधली, राखीला अवकाश होता तरी. जेवण झाल्यावर गोष्टी निघाल्या. कृष्णराजनं नुसतं "तो कुत्रेवाला" म्हटलं आणि तिघं हसत सुटले, हसताना एकमेकांच्या मांडीवर थापा मारायला लागले. मल्लेशही हसला. कुत्रेवाला कोण ते त्याला माहीत नव्हतं. महारुद्रच्या ते ध्यानात आलं आणि तो मधेच थांबला.

"थांबू नको, सांग," मल्लेश म्हणाला. त्यांनी सांगितलं. सांगून झाल्यावर ती गोष्ट तेवढी हसण्यासारखी उरली नाही.

ते गेल्यावर महेश्वरी भांडी आवरत म्हणाली, आता दुकानाचे कागद तुमच्या नावावर करून घ्या आणि परत अर्ज करा. मल्लेश म्हणाला, करता येईल.

"मग करा की. तुमाला बघायचाच हाय ना तो देश?"

"देश बघायचा व्हता, व्हय," तो म्हणाला. "पर मला त्या तिघांसंगं चालायचं व्हतं. ते आता चालून आलेत."

महेश्वरीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि त्याच्याजवळ येऊन बसली. अर्ज त्यानं अजून केलेला नाही. पुढच्या वर्षी चौघांनी लडाखला जायचं घाटतंय. तिकडंही तो जाईल, मनापासून जाईल. पहाटे येरमाळा रस्त्याचं चालणंही सुटलेलं नाही.

आणि रविवारी, मोंढा बंद असतो तेव्हा, दुपारी तो दुकानाचं शटर अर्धं वर करून गादीवर बसतो आणि होसेफाला फोन लावतो. तिचं घर वाटेवरच आहे, खिडकीतून जाणारे-येणारे दिसतात. आठवडाभरात कोण कोण गेलं ते ती सांगते: दोघं जर्मन, नवराबायको असावेत, एक एकटी पोरगी, पाय सुजलेला, सायकलवाले तर मोजतच नाही, म्हणते. मल्लेश विचारतो, सॅक मोठी होती का, कुठून आले होते, पाणी मागितलं का. काही शब्द कळत नाहीत, ते तो परत म्हणायला लावतो. मग ती गव्हाचं सांगते. कापून झाला, आता नुसतं धसकट उरलंय, आणि वाट अशी लांबपर्यंत उघडी दिसते, म्हणते. तो डोळे मिटून ऐकतो आणि म्हणतो, अजून सांगा.